मेथाडोनच्या रांगेतला गांजा

न्यूयॉर्कमधल्या मेथाडोन क्लिनिकचा दिवस पहाटे सुरू होतो. कामावर जाण्याआधी डोस घ्यायला आलेली माणसं खिडकीसमोर रांग लावतात. नर्स ओळख पटवते, संगणकावर मात्रा बघते, छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात औषध देते. रुग्णाने ते तिच्यादेखत प्यायचं आणि वर दोन शब्द बोलायचे, म्हणजे औषध गालात धरून बाहेर नेलेलं नाही हे तिला कळतं. अधूनमधून, आधी न सांगता, दुसरा पेला हातात दिला जातो. तो लघवीच्या नमुन्यासाठी. केंद्रीय नियमांनुसार अशी तपासणी वर्षातून किमान आठ वेळा व्हायलाच हवी. अहवाल येतो: हेरॉइन नाही, फेंटॅनिल नाही, कोकेन नाही. गांजा मात्र आहे. मग डॉक्टरने या माणसाचं काय करायचं?

हा प्रश्न व्यसनोपचारात काम करणाऱ्यांना विचारला, तर एकाच क्लिनिकच्या दोन खोल्यांतून दोन उत्तरं येऊ शकतात. एक डॉक्टर म्हणेल, हा माणूस वर्षापूर्वी दिवसातून चार वेळा सुई टोचून घेत होता. आज तो कामावर जातो, मुलांना शाळेत सोडतो. रात्री गांजा ओढत असेल, तर त्यावर मी आज भांडणार नाही. शेजारच्या खोलीतली समुपदेशक म्हणेल, अस्वस्थ वाटलं की काहीतरी घ्यायचं, हीच तर सवय मोडायची होती. ती आपण तशीच ठेवली आणि फक्त पदार्थ बदलला. दोघंही अनुभवी असतात, दोघांनाही रुग्णाची काळजी असते. मग इतकं अंतर का पडतं?

आधी हा उपचार काय आहे ते बघू. मराठी वाचकाला हेरॉइनचं जग ‘गर्द’ या नावाने ठाऊक आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगरची लाट आली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभं राहिलं. तेव्हापासून ‘टर्की’ हा शब्दही आपल्याकडे रुळला: गर्द मिळाली नाही की हाडं दुखणं, जांभया, नाक-डोळे गळणं, जुलाब, अंगावर काटा, आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागणं. मुक्तांगणची वाट पूर्ण व्यसनमुक्तीची. टर्कीतून जायचं, मग समूहाच्या आधाराने एकेक दिवस नशेविना काढायचा. या वाटेने असंख्य घरं सावरली.

दुसरी वाट न्यूयॉर्कमध्ये निघाली. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन नावाचं, दिवसभर पुरणारं अफूजन्य औषध योग्य मात्रेत रोज दिलं, तर टर्की येत नाही, तलफ मावळते, आणि माणूस नोकरी-घर सांभाळू शकतो, असा त्यांचा अनुभव होता. मधुमेह्याला जसं इन्सुलिन, तसं हे दीर्घकाळ घ्यायचं औषध, अशी त्यामागची समजूत. पुढे बुप्रेनॉर्फिन आलं. ते जिभेखाली ठेवायचं, आणि त्याचा परिणाम एका पातळीच्या वर फारसा चढत नाही, म्हणून त्यात श्वास थांबण्याचा धोका कमी. अमेरिकेत त्याला या उपचारासाठी २००२ साली मान्यता मिळाली.

म्हणजे या उपचारात ‘काहीही न घेणं’ ही यशाची खूण मुळातच नाही. रुग्ण रोज एक अफूजन्य औषध घेतोच. तरीही क्लिनिकच्या भिंतींमध्ये पूर्ण व्यसनमुक्तीची कल्पना मुरलेली राहिली, आणि ती सगळ्यात ठळक दिसायची घरी न्यायच्या डोसांच्या नियमात. रोज पहाटे रांगेत उभं राहणं कुणालाच नको असतं. आठवड्याची, पंधरवड्याची बाटली घरी मिळाली, तर माणूस पाळीची नोकरी धरू शकतो, आजारी आईकडे गावी जाऊ शकतो. जुन्या अमेरिकी नियमांत महिनाभराचे डोस मिळायला दोन वर्षं उपचारात काढावी लागत, आणि ते देताना जे निकष तपासायचे, त्यांतला एक होता अलीकडे कोणत्याही मादक पदार्थाचा, दारूचासुद्धा, गैरवापर नसणं. गांजाचे अंश रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतात. त्यामुळे महिन्याभरापूर्वी सोडलेला गांजासुद्धा माणसाला परत पहाटेच्या रांगेत उभा करू शकत असे.

कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, हे नियम तातडीने सैल करण्यात आले. २०२४ साली ती सवलत कायमच्या नियमांत आली: उपचाराच्या महिन्याभरानंतरच २८ दिवसांपर्यंतचे डोस घरी देता येतात, आणि निर्णय मुख्यतः डॉक्टरच्या वैद्यकीय विवेकावर सोडलेला आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पण त्याने डॉक्टरचं काम सोपं केलेलं नाही. पूर्वी नियमाकडे बोट दाखवता यायचं. आता अहवालातल्या गांजाचा अर्थ स्वतःच लावायचा आहे.

त्यात कायद्याने आणखी गुंता केला. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली, नेहमीचे उपचार पुरे पडत नसतील किंवा त्यांना जोड हवी असेल तेव्हा, अफूजन्य पदार्थांचं व्यसन हेच वैद्यकीय गांजा मिळण्याचं एक कारण ठरवलं. न्यू जर्सीने त्याच धर्तीचा निर्णय २०१९ साली घेतला. न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली प्रौढांसाठी गांजा कायदेशीरच झाला. दुसरीकडे, व्यसनोपचारासाठी केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या संस्थांना त्या पैशातून गांजाने उपचार करायला मनाई आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर एका दारात रुग्णाला त्याच्या व्यसनावरचा इलाज म्हणून गांजा मिळू शकतो, आणि पलीकडच्या दारात तोच गांजा त्याच्या कागदावर उणा शेरा ठरू शकतो. बरेच रुग्ण मग तो लपवतात. हे लपवणं मला गांजापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण डॉक्टरपासून एक गोष्ट लपवायची सवय लागली की पुढची, जास्त धोक्याची गोष्टही लपते.

आता डॉक्टरांचे मुद्दे. गांजाकडे कानाडोळा करणारे डॉक्टर बहुधा तीन गोष्टी पाहत असतात. पहिली म्हणजे मृत्यू. अफूजन्य पदार्थांची मात्रा जास्त झाली की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र थंडावतं. गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन ज्या ग्राहींवर काम करतं ते त्या भागात फार विरळ आहेत, म्हणून निव्वळ गांजाने श्वास थांबून माणूस मरत नाही. ज्या देशात २०२१ साली अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या मृत्यूत अफूजन्य पदार्थ होते, तिथल्या डॉक्टरला हा फरक विसरता येत नाही. दुसरी म्हणजे रुग्णाचं म्हणणं. झोप येते, पायांची चुळबुळ थांबते, भूक लागते, दुखणं सुसह्य होतं, असं रुग्ण सांगतात. तिसरी गोष्ट, प्राधान्य. फेंटॅनिल, दारू आणि झोपेच्या गोळ्या यांचा मेथाडोनशी संयोग खरोखर जीवघेणा असतो. समोरच्या पंधरा मिनिटांत बोलायचं कशावर, हे ठरवावं लागतं.

काळजी वाटणाऱ्या डॉक्टरांकडेही ठोस कारणं आहेत. आजचा गांजा जुना राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ साली टीएचसीचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास पोचलं, आणि दुकानांत मिळणारे अर्क त्याच्या कितीतरी पुढे आहेत. रोज असा गांजा घेणाऱ्यांपैकी काहींना त्याचंच व्यसन जडतं. तो बंद केल्यावर चिडचिड, निद्रानाश, भूक मरणं असा त्रास होतो, हे २०१३ पासून अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणातही नोंदलेलं आहे. ज्यांना मनोविकृतीचा धोका आहे अशा तरुणांमध्ये तीव्र गांजा आजार ओढवून आणू शकतो. मेथाडोनच्या गुंगीत गांजाची गुंगी मिसळून कुणी गाडी चालवायला बसलं तर काय, हाही प्रश्न आहे. शिवाय गांजातलं कॅनाबिडिऑल यकृतातली काही विकरं मंदावतं, आणि मेथाडोनचा निचरा त्यांच्यावरही अवलंबून असतो. त्यामुळे कॅनाबिडिऑल मोठ्या मात्रेत घेणाऱ्याच्या रक्तात मेथाडोन वाढू शकतं.

मग संशोधन काय सांगतं? इथे गेल्या दशकातली एक घटना सविस्तर सांगायला हवी, कारण तिने डॉक्टरांची मतं दोनदा हलवली. २०१४ साली एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मार्कस बॅखहुबर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १९९९ ते २०१० या काळात वैद्यकीय गांजाला परवानगी देणाऱ्या राज्यांत अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर अपेक्षेपेक्षा २४.८ टक्क्यांनी कमी दिसला. वर्तमानपत्रांनी तो उचलला, गांजा उद्योगाने जाहिरातींत वापरला, आमदारांनी विधानसभांत मांडला. निष्कर्ष काढताना सावध राहा, असं लेखकांनी स्वतः म्हटलं होतं. ते फारसं कुणी ऐकलं नाही. २०१९ साली चेल्सी शोव्हर, कीथ हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत वापरून आकडे २०१७ पर्यंत वाढवले. संबंध उलटा झाला: त्याच प्रकारच्या राज्यांत मृत्युदर २२.७ टक्क्यांनी जास्त.

म्हणजे आधी गांजा जीव वाचवत होता आणि नंतर जीव घेऊ लागला? तसं मुळीच नाही, आणि दुसऱ्या अभ्यासाच्या लेखकांनीही तसं म्हटलेलं नाही. राज्याच्या सरासरीवरून एका माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, इतकंच त्यातून सिद्ध झालं. ज्या राज्यांनी आधी गांजाला परवानगी दिली तिथले तुरुंग, विमा, उपचारकेंद्रं, बाजारात फेंटॅनिल कधी पोचलं, सगळंच वेगळं होतं. पण पहिल्या आकड्याच्या आधारे जाहिराती झाल्या, आणि ‘मेथाडोन सोडा, गांजा घ्या’ असं सांगणारी माणसं निघाली. हम्फ्रीज आणि रिचर्ड सेट्झ यांनी २०१९ साली डॉक्टरांना उद्देशून लिहिलेल्या लेखात या अदलाबदलीला स्पष्ट विरोध केला, तो याच पार्श्वभूमीवर.

माणसांचा प्रत्यक्ष पाठपुरावा करणारे अभ्यास जास्त उपयोगी, पण तेही एका दिशेने बोट दाखवत नाहीत. व्हँकूव्हरमध्ये ८२० जणांचा वीस वर्षांच्या काळातला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज गांजा घेणारे रुग्ण अफूजन्य औषधांच्या उपचारात टिकून राहण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त निघाली. ओंटारियोमधल्या मेथाडोन रुग्णांचा अभ्यास २०१७ साली आला. त्यात गांजा घेणाऱ्या स्त्रियांमध्ये बेकायदा अफूजन्य पदार्थ चालू राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पुरुषांत तसा संबंध आढळला नाही. ऑस्ट्रेलियात दीर्घ वेदनांसाठी अफूजन्य औषधं घेणाऱ्या १,५१४ जणांना चार वर्षं पाहिलं गेलं. गांजा घेणाऱ्यांच्या वेदना कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या, आणि त्यांची औषधंही घटली नाहीत. कदाचित ज्यांना जास्त दुखत होतं तेच गांजाकडे वळले असतील. अशा अभ्यासातून आधी काय आणि नंतर काय हे सुटत नाही.

काटेकोर प्रयोग थोडेच आहेत. कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅडम बिसागा आणि सहकाऱ्यांनी टीएचसीची गोळी टर्कीच्या काळात देऊन पाहिली. त्रास काहीसा कमी झाला, पण पुढे उपचारात टिकण्यात गोळीने फरक पडला नाही. माउंट सायनाय इथे यास्मिन हर्ड यांनी २०१९ साली ४२ जणांवर केलेला प्रयोग मला सर्वांत आशादायक वाटतो. हेरॉइनपासून दूर असलेल्या या माणसांना नशेची आठवण करून देणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. ज्यांना कॅनाबिडिऑल दिलं होतं त्यांची तलफ आणि घालमेल कमी राहिली, आणि शेवटच्या मात्रेनंतर आठवडाभरही तो परिणाम दिसला. कॅनाबिडिऑलने नशा चढत नाही. पण हे शुद्ध, मोजून दिलेलं औषध होतं. दुकानातल्या पुडीबद्दल किंवा चिलमीबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही, आणि रुग्णांना हे समजावून सांगायला हवं.

या वादाचं मूळ मात्र न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि ते आपल्या देशात आहे. एडवर्ड बर्च नावाच्या कलकत्त्यातल्या डॉक्टरने १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की अफूच्या आणि क्लोरलच्या जुन्या व्यसनी रुग्णांना त्यांनी गांजाचं औषध दिलं. तलफ शमली आणि जेवणावर वासना आली. त्याच लेखात त्यांनी एक सावधगिरीही सुचवली: रुग्णाला औषधाचं नाव कळू देऊ नका, नाहीतर एका व्यसनातून सुटताना तो बाजारात सहज मिळणाऱ्या दुसऱ्या व्यसनात पडेल. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाच डॉक्टरच्या मनात आजच्या दोन्ही खोल्या होत्या.

पाचच वर्षांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. १८९३-९४ सालच्या भारतीय भांग-गांजा आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले. ‘गांजाने माणसं वेडी होतात’ या समजुतीचा मोठा आधार होता वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या. आयोगाने १८९२ सालची नोंद न् नोंद पुन्हा तपासली. वर्षभरातल्या १,३४४ दाखल रुग्णांपैकी २२२ जणांच्या आजाराचं कारण ‘गांजा-भांग’ असं लिहिलेलं होतं. चौकशीअंती ते फार तर ९८ जणांबाबत मानता येईल असं निघालं. बाकीच्यांत पुष्कळदा पोलिसाने कागदावर कारणाचा रकाना भरला होता आणि डॉक्टरने तोच उतरवून घेतला होता. मला हा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. गांजा कधीच अपाय करत नाही असं आयोगाने म्हटलं नाही. अतिसेवनाचे धोके त्याने नोंदवले. पण रुग्णाच्या अंगात गांजा सापडणं आणि त्याच्या अवस्थेचं कारण गांजा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने आकड्यांनी दाखवलं.

आजच्या लघवीच्या अहवालालाही हेच लागू आहे. तो सांगतो की गेल्या काही दिवसांत वा आठवड्यांत टीएचसी शरीरात गेलं. किती गेलं, कशासाठी गेलं, त्याने आयुष्य बिघडलं की नाही, यांतलं काहीच तो सांगत नाही.

एका बाबतीत मात्र पुरावा भक्कम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतलं तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. मेथाडोन चालू असताना, हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होत होते. उपचार सुटल्यावर तोच आकडा ३६ वर जात होता. बुप्रेनॉर्फिनबाबत ४ आणि ९ च्या आसपास. सर्वांत धोक्याचे असतात उपचार सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे: शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेकडे परततो. तेव्हा गांजाच्या अहवालावरून एखाद्याला औषधातून काढून टाकणं म्हणजे अनिश्चित अपाय टाळण्यासाठी निश्चित धोक्यात ढकलणं आहे. अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक संघटनेने २०१५ पासून आपल्या मार्गदर्शनात हेच म्हटलं आहे: गांजा किंवा इतर पदार्थ घेतो म्हणून अफूजन्य व्यसनाचा उपचार थांबवू नये. गांजावर बोला, गरज असेल तर त्याचाही उपचार करा, पण औषध चालू ठेवून. ज्या डॉक्टरांना गांजाची मनापासून काळजी वाटते, त्यांनाही हे मान्य करायला अडचण नसावी. काळजी घेण्यासाठी रुग्ण समोर यायला हवा.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रामार्फत केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले २.८ टक्के लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात, आणि २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ. त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना अफूजन्य पदार्थांसाठी मदतीची गरज आहे. आपल्याकडे मेथाडोनपेक्षा बुप्रेनॉर्फिन जास्त वापरलं जातं. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची केंद्रं आहेत, पंजाबात बाह्यरुग्ण केंद्रांचं मोठं जाळं आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे, पण पानांची भांग त्या व्याख्येच्या बाहेर आहे. होळीला भांगेची थंडाई प्यायलेल्याची आणि रोज चिलीम ओढणाऱ्याची लघवी तपासणीच्या पट्टीवर सारखीच दिसते. कायदा ज्यांत फरक करतो, त्यांत पट्टी करू शकत नाही.

म्हणून इथल्या डॉक्टरला पट्टी बाजूला ठेवून विचारावंच लागतं. कधीपासून घेता? रोज की सणावारी? तंबाखूत मिसळून? एकट्याने की मित्रांबरोबर, आणि त्या मित्रांत गर्द घेणारं कुणी आहे का? घेतल्यावर भीती वाटते का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, आवाज ऐकू येतात का? गाडी किंवा यंत्र चालवता का? आणि मुख्य म्हणजे, कशासाठी घेता? उत्तर पुष्कळदा येतं, ‘रात्री झोप लागत नाही, पाय दुखतात.’ अशा वेळी आधी बुप्रेनॉर्फिनची मात्रा बघायची. ती कमी पडत असेल, तर संध्याकाळपासून टर्की डोकं वर काढते आणि माणूस स्वतःच तिच्यावर इलाज शोधतो. मात्रा नीट बसवली की काहींचा गांजा आपोआप कमी होतो. काहींचा होत नाही, आणि त्यांच्याशी पुढच्या भेटीत, त्याच्याही पुढच्या भेटीत, पुन्हा बोलावं लागतं. औषधाची चिठ्ठी मात्र दर वेळी लिहून द्यायची.